शौग्वांगला पहिल्यांदा जाताना: आधी बाजार, मग हरितगृह

चीनमधल्या भाजीपाल्याच्या शौग्वांगला जायचं ठरलं की आपल्याकडचा शेतकरी पहिला प्रश्न विचारतो, ‘तिथलं कोणतं हरितगृह बघू?’ माझा आग्रह असा की हा प्रश्न एक दिवस बाजूला ठेवावा आणि आधी तिथला बाजार बघावा. या गावाची गोष्ट बाजारापासून सुरू होते. ती त्याच क्रमाने पाहिली नाही, तर हाती नुसते प्लास्टिकच्या छपरांचे फोटो लागतात.

चीनच्या पूर्वेला शानदोंग प्रांत आहे. त्याच्या उत्तरेला बोहाई समुद्र, आणि त्या किनाऱ्यावर वेइफांगच्या अखत्यारीत शौग्वांग येतं. १९९३ पासून त्याला शहराचा दर्जा आहे, पण ‘शहर’ या शब्दाने फसू नका. चीनमध्ये या पातळीचं शहर म्हणजे आपला मोठा तालुका समजा: मधे इमारतींचं गाव, भोवती शेकडो खेडी आणि शेतं, वर समुद्राकडे मिठागरं, सगळं एकाच नावाखाली. वस्ती साधारण ११ लाख. भाजीपाल्याखालची जमीन सुमारे ४० हजार हेक्टर आणि वर्षाचं उत्पादन सुमारे ४५ लाख टन सांगितलं जातं. कडाक्याच्या थंडीत उत्तर चीनच्या ताटात हिरवी काकडी दिसते, त्यामागे या गावाचा मोठा हात आहे.

निघण्याआधी: मापं आणि बोटं

तिथे जमीन ‘मू’मध्ये मोजतात. १५ मू म्हणजे १ हेक्टर, आणि आपल्या हिशेबात १ मू म्हणजे साधारण साडेसहा गुंठे. एकरात सहा मू बसतात. वजन ‘जिन’मध्ये, १ जिन म्हणजे अर्धा किलो. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कुणी ‘जिनला अमुक युआन’ म्हणालं आणि तुम्ही ते किलोचं समजलात, तर भाव निम्माच कळेल आणि पुढची सगळी तुलना चुकेल.

दुसरी तयारी बोटांची. चिनी लोक एका हाताच्या बोटांनी एक ते दहा आकडे दाखवतात. पाचपर्यंत आपल्यासारखंच. सहाला अंगठा आणि करंगळी बाहेर, आठला अंगठा आणि तर्जनी, दहाला अनेक जण मूठ दाखवतात. बाजारात गोंगाट असतो, भाषा येत नसते, तेव्हा हे शिकलेलं फार उपयोगी पडतं. घरी आरशासमोर दहा मिनिटं सराव करा.

फोनमध्ये भाषांतराचं ॲप आणि चीनमध्ये चालणारा नकाशा आधीच भरून घ्या. आपण रोज वापरतो ती बरीच ॲप्स तिथे उघडत नाहीत. पैसे जवळजवळ सगळीकडे अलीपे किंवा वीचॅटवरून दिले जातात. त्यांना आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडता येतं, पण ते काम घरून निघण्याआधी करून तपासा. हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंद हॉटेलच करतं. कुणाच्या घरी राहणार असाल तर ती २४ तासांच्या आत तुम्हाला करावी लागते.

कधी जावं

दरवर्षी २० एप्रिलच्या सुमारास इथे भाजीपाल्याचा आंतरराष्ट्रीय मेळा सुरू होतो आणि मे अखेरपर्यंत चालतो. तो २००० साली सुरू झाला. बहुतेक पाहुणे तेव्हाच येतात. हवा छान असते आणि सगळं सजवलेलं असतं. पण तुम्हाला हरितगृहाचं मर्म कळून घ्यायचं असेल तर डिसेंबर किंवा जानेवारीत जा. बाहेर पाणी गोठलेलं, अंगावर तीन थर, आणि एका बुटक्या दारातून वाकून आत गेलं की चष्म्यावर वाफ धरते, समोर काकडीचे वेल. या वास्तूची गरज काय होती ते तेव्हाच पटतं.

चिनी नववर्षाच्या आगेमागे मात्र जाऊ नका. अख्खा देश घरी निघालेला असतो, तिकिटं मिळत नाहीत. जुलै-ऑगस्टही टाळा. पीक काढून झालेलं असतं, जमीन भिजवून, झाकून, दारं बंद करून उन्हाने तापवायला ठेवलेली असते. मातीतले रोग आणि सूत्रकृमी मरावेत म्हणून हे करतात. त्या दिवसांत आत बघण्यासारखं काही नसतं.

पोहोचण्याबद्दल थोडक्यात. जीनान ते छिंगदाओ या वेगवान रेल्वेमार्गावर वेइफांग उत्तर आणि छिंगजोउ उत्तर अशी दोन स्थानकं आहेत. दोन्हींपैकी कुठेही उतरून टॅक्सीने शौग्वांग गाठता येतं. छिंगजोउला उतरलात तर अर्धा दिवस तिथल्या संग्रहालयाला द्या. १९९६ मध्ये तिथल्या लोंगशिंग मंदिराच्या जागेवर पुरून ठेवलेल्या शेकडो बुद्धमूर्ती सापडल्या. अंगाला चिकटलेलं तलम वस्त्र पाहिलं की गुप्तकाळाची आठवण होतेच. भारतात वर्षानुवर्षं हिंडून परतलेला चिनी बौद्ध भिक्षू फाश्यान (आपला फाहियान) इ. स. ४१२ मध्ये याच शानदोंगच्या किनाऱ्यावर उतरला होता.

पहिला दिवस बाजाराचा

१९८३ साली शौग्वांगमध्ये कोबीचं अमाप पीक आलं. आपल्या गड्डा कोबीसारखा नाही, लांबट पानांचा चिनी कोबी. घ्यायला कोणी नव्हतं. सुमारे २५ हजार टन कोबी सडून गेला. ज्याने नारायणगाव किंवा पिंपळगावच्या रस्त्यावर टोमॅटोचे क्रेट ओतलेले पाहिलेत, त्याला यापुढे काही समजावून सांगायला नको.

त्यांनी पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, ज्यूश्यांग गावाजवळ भाजीपाल्याचा घाऊक बाजार उभा केला. पुढे १९८६ ते १९९१ या काळात वांग बोश्यांग इथले कम्युनिस्ट पक्षाचे तालुका सचिव होते. त्यांनी या बाजाराला जागा दिली, रस्ते दिले, बाहेरच्या व्यापाऱ्यांना बोलावून आणलं. हिवाळी हरितगृह आलं १९८९ मध्ये, म्हणजे बाजारानंतर पाच वर्षांनी. हा क्रम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शेतकऱ्याने पैसे घालून भाजी पिकवली तेव्हा ती उचलायला ट्रक आधीपासून उभे होते.

आज घाऊक व्यवहार मोठ्या कृषिमाल लॉजिस्टिक्स पार्कमध्ये चालतात. तिथे पहाटे जा. एक गोष्ट नीट बघा: इथे फक्त शौग्वांगचा माल येत नाही. दक्षिणेकडून, पश्चिमेकडून, थेट हायनान बेटावरूनही माल इथे येतो आणि इथून पुन्हा उत्तरेला जातो. म्हणजे हे शेतमालाचं जंक्शन झालं आहे. पिकत असेल त्याहून जास्त इथून हलतं. इथल्या भावांवरून भाजीपाल्याचा निर्देशांक काढला जातो आणि देशभरचे व्यापारी तो पाहतात. १९९५ मध्ये ताजी भाजी वाहणाऱ्या ट्रकांसाठी शौग्वांग ते बीजिंग असा ‘हरित मार्ग’ सुरू झाला. वाटेत अडवणूक नाही, नाक्यांवर खोळंबा नाही. हीच कल्पना पुढे देशभर पसरली.

मग तिथून एखाद्या खेड्यातल्या छोट्या खरेदी केंद्रावर जा. शेतकरी सकाळी तोडलेला माल तीनचाकीतून आणतो, तिथे मालाची प्रत पाहून वजन होतं, बाहेरगावच्या व्यापाऱ्यासाठी माल गोळा करणारा मध्यस्थ हजर असतो. त्याला ‘दायबान’ म्हणतात, आपल्या आडत्याचा चुलतभाऊ समजा. त्याच्याशी बोलायची संधी मिळाली तर सोडू नका. पैसे किती दिवसांत मिळतात, तूट कोण सोसतं, प्रत कोण ठरवतं, हे तीन प्रश्न विचारा.

कोणत्या गावात काय पिकतं, हेही इथेच कळतं. जीताई वांग्यासाठी, गूछंग टोमॅटोसाठी, वनज्या पातीसारख्या चिनी लसणीसाठी, ह्वालोंग गाजरासाठी. एका परिसरात एकच पीक असल्याने व्यापाऱ्याचा ट्रक एकाच जागी भरतो, सल्लागारही त्या पिकात मुरलेला मिळतो. त्याचा तोटाही आहे. रोग आला तर सगळ्यांकडे एकदमच येतो.

दुसरा दिवस: सान्युआनजू

शौग्वांगच्या दक्षिणेला, सुनज्याजी भागात, सान्युआनजू नावाचं गाव आहे. वांग लेयी १९७८ मध्ये तिथले पक्षसचिव झाले. १९८८ च्या अखेरीस त्यांच्या एका नातेवाइकाने ईशान्येकडच्या दालियानहून ताज्या काकड्या आणल्या. ऐन थंडीत ताजी काकडी! तेव्हा हिवाळ्यात भाजी पिकवायची तर कोळशाच्या भट्ट्या पेटवाव्या लागत आणि कोळशाचा खर्चच नफा खाऊन टाकी. दालियानजवळच्या वाफांगदियान इथे हान योंगशान नावाचा शेतकरी कोळसा न जाळता काकडी काढत होता. वांग लेयी तिथे गेले आणि पुढे हान यांना शिकवायला शौग्वांगला आणलं.

गावातले लोक धजावत नव्हते. एका हरितगृहाला हजारो युआन लागणार होते आणि ती रक्कम तेव्हा घराघरांत नव्हती. शेवटी वांग यांच्यासह पक्षाच्या १७ सदस्यांनी आपल्या नावावर धोका घेतला. ऑगस्ट १९८९ मध्ये कणसं भरत आलेला मका कापून त्यांनी जागा मोकळी केली. उभं पीक कापताना काय वाटतं ते शेतकऱ्यालाच ठाऊक. डिसेंबरमध्ये पहिली काकडी बाजारात गेली आणि जिनला १० युआन भाव मिळाला. त्या हंगामात प्रत्येक हरितगृहाने सरासरी २७ हजार युआन दिले. वर्षाला दहा हजार कमावणारं घर तेव्हा चीनमध्ये श्रीमंत गणलं जाई.

यानंतर जे झालं ते मला पैशांपेक्षा मोठं वाटतं. त्यांनी ही विद्या गावात कोंडून ठेवली नाही. आधी तालुक्यात, मग इतर प्रांतांत शिकवायला माणसं पाठवली. आजही शौग्वांगचे तंत्रज्ञ शिनजियांगपासून तिबेटपर्यंत हरितगृहं उभी करून देतात, आणि हा इथल्या अर्थकारणाचा एक स्वतंत्र धंदा आहे. रोपवाटिका हा दुसरा. इथे वर्षाला १८० कोटींच्या आसपास रोपं तयार करण्याची क्षमता आहे, आणि ती बाहेरच्या प्रांतांतही जातात.

दाफंगच्या आत

इथल्या हरितगृहाला ‘दाफंग’ म्हणतात. आपल्या तळेगाव-मावळातल्या पॉलिहाऊसचं चित्र डोळ्यांपुढून काढून टाका. आपला शत्रू ऊन, त्यांचा शत्रू थंडी. म्हणून त्यांची रचना उलटी आहे.

दाफंग पूर्व-पश्चिम लांबलचक असतो. उत्तरेला मातीची जाडजूड भिंत, पायाशी काही मीटर रुंद. दक्षिणेकडे उतरतं, कमानदार छप्पर, त्यावर पारदर्शक कागद. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली असतो, त्याचं ऊन थेट आत येऊन जमिनीवर आणि उत्तरेच्या भिंतीवर पडतं. भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब परत देते. संध्याकाळी छपरावर जाड गोधडीसारखं आवरण पसरतात, सकाळी ऊन आलं की गुंडाळतात. पूर्वी हे आवरण गवताच्या चटयांचं होतं आणि नवरा-बायको थंडीत छपरावर चढून एकेक चटई दोरीने ओढत. आता मोटर लावली की काही मिनिटांत काम होतं. या एका मोटरने शेतकऱ्याच्या पाठीचे जितके कष्ट वाचवले तितके दुसऱ्या कशाने वाचवले नसतील, असं मला वाटतं.

वांग लेयी आणि हान यांनी मूळ रचनेत दिशा, छपराचा उतार, भिंतीची जाडी बदलली आणि आतून पाणी न टपकणारा कागद वापरला. गोष्टी साध्या, पण सगळ्या एकत्र जुळल्या तेव्हा कोळसा लागेनासा झाला.

आत जाण्याआधी विचारा. बुटांवर आवरण चढवायला सांगतील, ते चढवा. टोमॅटो, मिरचीच्या झाडांना हात लावू नका, हातावरून विषाणू पसरतात. मग डोळे उघडे ठेवून या गोष्टी पाहा. काकडी भोपळ्याच्या खुंटावर कलम केलेली असते, त्यामुळे मुळं थंडीला आणि मर रोगाला दाद देत नाहीत. वेल सुतळीवर चढवलेला असतो आणि खालची काकडी निघाली की अख्खा वेल खाली ओढून बुंध्याशी वेटोळं करतात, म्हणजे फळ कायम हाताच्या उंचीवर राहतं. टोमॅटोच्या फुलांवर अनेक ठिकाणी भुंग्यांसारख्या गुबगुबीत माश्या सोडलेल्या असतात, त्यांची पुठ्ठ्याची पेटी शोधा. टोकाला छोटी खोली असते, तिच्यात चहाचा थर्मास, औषधांच्या बाटल्या, कधी एक खाट. शेतकऱ्याचा दिवस तिथेच जातो.

दाफंगचे दोषही बघून घ्या. वर्षानुवर्षं तीच माती, भरमसाट खत, त्यामुळे जुन्या दाफंगांत क्षार साठले आहेत, सूत्रकृमी वाढल्या आहेत, भूजलात नायट्रेट उतरलं आहे. भिंतीसाठी तिथलीच माती काढल्याने आतली जमीन बाहेरच्यापेक्षा खाली असते. थंडीत ते बरं, पण ऑगस्ट २०१८ मध्ये रुंबिया वादळाने पाऊस झाला, वरच्या धरणांतून पाणी सोडलं आणि ‘मी’ नावाच्या नदीला पूर आला. पाणी दाफंगांत शिरलं आणि उपसून काढल्याशिवाय निघेना. पुढच्या वर्षी लेकिमा वादळाने पुन्हा तडाखा दिला. अनेकांचं कर्ज फिटायचं होतं. शेतकऱ्याशी बोलताना २०१८ चा विषय हळुवारपणे काढा.

जमिनीचा प्रश्न हमखास निघतो. खेड्यातली जमीन गावाच्या सामूहिक मालकीची असते, कुटुंबाकडे कसण्याचा हक्क, तोही ३० वर्षांच्या करारावर. सातबारा, वाटणी, बांधाचे वाद, हे समजावून सांगायला दुभाष्याला अर्धा तास लागेल, पण तो वेळ द्या. गप्पांना तिथूनच खरी सुरुवात होते.

मेळ्याचं काय

एप्रिल-मेमध्ये गेलात तर मेळा पाहाच, पण एक दिवस पुरे. झाडासारखा वाढवलेला टोमॅटो, प्रचंड भोपळे, भाज्यांपासून केलेले ड्रॅगन, मातीविना वाढणारी पालेभाजी. मुलांना घेऊन जायला सुंदर. शिकायला मात्र बियाण्यांच्या कंपन्यांचे प्रयोगाचे वाफे जास्त उपयोगी, तिथे एकाच पिकाचे शेकडो वाण शेजारी शेजारी लावलेले असतात. काही काळापूर्वी इथल्या टोमॅटो-मिरचीचं बरंचसं बियाणं परदेशी होतं. आता स्थानिक पैदासकार पुढे येत आहेत आणि त्यांना त्याचा अभिमान आहे.

उत्तरेची खारी जमीन

एक दुपार उत्तरेला, यांगखोउकडे काढा. तिथे भाजी नाही. जमिनीखालचं खारं पाणी उपसून मीठ करतात. श्वांगवांगछंग इथे शांग-झोउ काळातल्या, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या मिठागरांचे अवशेष सापडले आहेत. कागदाचा मोठा उद्योगही शौग्वांगमध्येच वाढला. नुसत्या भाजीवर हे शहर उभं नाही, हे उत्तरेला गेल्यावरच कळतं.

जेवण आणि बैठक

शाकाहारी असाल तर ‘वो छ सू’ हे तीन शब्द पाठ करा. तरीही भाजीत मांसाचा चुरा किंवा चरबी येऊ शकते, म्हणून स्वयंपाकघरात निरोप पोहोचवा. ठेचलेली काकडी लसूण-व्हिनेगर लावून देतात, ती मागवा. लांब कांद्याची पात कच्चीच काळसर सोयाच्या पेस्टमध्ये बुडवून खातात, आपल्या झुणका-भाकरीच्या कांद्याची आठवण येते. वेइफांगचा हिरवा मुळा फळासारखा कापून समोर ठेवतात. तिथली म्हण अशी की यांताईची सफरचंदं आणि लायांगचे पेअर वेइफांगच्या मुळ्याच्या सालीपुढे फिके. शेंगदाणे घरून नेऊ नका, शानदोंग भुईमुगाचाच प्रांत आहे. मेतकुटाची पुडी मात्र असू द्या.

शानदोंगमध्ये गोल टेबलावर कुठे बसायचं ते ठरलेलं असतं. यजमान दाराकडे तोंड करून बसतो, मुख्य पाहुणा त्याच्या उजवीकडे, दुसरा डावीकडे, आणि उपयजमान समोर, दाराकडे पाठ करून. बसवेपर्यंत उभे राहा. दारूचा आग्रह होतो. घेत नसाल तर पहिल्या पेल्यालाच स्पष्ट सांगून चहाचा पेला उचला, मध्येच थांबलेलं वाईट दिसतं.

ओळख करून देताना महाराष्ट्राचं नाव सांगून उपयोग होत नाही. ‘ख दीह्वा’ म्हणून पाहा. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं हे चिनी नाव. त्यांचं काम शेजारच्या हपेई प्रांतात झालं, शौग्वांगशी त्यांचा संबंध नाही, पण वयस्क माणसांना ते नाव माहीत असतं आणि बोलण्याचा सूरच बदलतो.

गावाला मोठा वारसा आहे. सहाव्या शतकात ‘छीमिन याओशू’ हा शेतीवरचा ग्रंथ लिहिणारा ज्या सश्ये इथलाच मानला जातो. ९२ प्रकरणांत त्याने नांगरटीपासून भाजी, फळं, जनावरं, आंबवण्यापर्यंत सगळं नोंदवलं. चिनी अक्षरं निर्माण करणाऱ्या छांगज्येची दंतकथाही शौग्वांग स्वतःशी जोडतं. एक संध्याकाळ मोकळी असेल तर वेइफांगला जा. तिथले पतंग प्रसिद्ध आहेत, १९८४ पासून एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो. जवळच यांगज्याबू गावात लाकडी ठशांनी नववर्षाची चित्रं छापतात, कारागिराच्या हातून छापलेलं एक चित्र घरासाठी घ्या.

परतताना

बियाणं खिशात घालून आणू नका. मोह होतो, मला कळतं. पण परवाना आणि वनस्पती-स्वास्थ्य प्रमाणपत्राशिवाय बी आणणं आपल्या कायद्यात बसत नाही, आणि एका चिमूटभर बियांबरोबर आलेला विषाणू अख्ख्या जिल्ह्याचा टोमॅटो झोपवू शकतो. कलमं, माती, रोपं यांचंही तेच. त्याऐवजी मोजमापं आणा: भिंतीची जाडी, छपराची उंची, दोन ओळींतलं अंतर, सुतळीची गाठ कशी मारली त्याचा फोटो. आणि त्या दायबानने तीन प्रश्नांना दिलेली उत्तरं, त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून आणा.